सुरांतला रजेचा अर्ज

व्हिएन्ना

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. थंडीचे कपडे पुरेसे आहेत, जेवण वेळेवर होतं. आणि बाबा, मी कार्यक्रमांवर पैसे उधळत नाही. इथे उभ्याने ऐकायची तिकिटं अगदी स्वस्त असतात.

संगीतकार हायडनची ४५ नंबरची सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदाची मोठी रचना, तुम्ही नक्की ऐका. १७७२ साली त्याचा मालक प्रिन्स निकोलाउस एस्टरहाझीचा उन्हाळी महालातला मुक्काम लांबला. वादकांची बायकामुलं मात्र दूर आयझेनश्टाट गावी. ‘आता घरी जाऊ द्या’ हे मालकाला तोंडावर सांगणार कोण? मग हायडनने ते सुरांतून सांगितलं. सगळी गंमत शेवटच्या, चौथ्या भागात आहे. तो वेगात, तडफेने चालतो आणि समेवर न येताच अधांतरी थांबतो. मग अचानक संथ लय सुरू होते आणि वादक एकेक करून उठून जाऊ लागतात. आधी पहिला ओबो आणि दुसरा हॉर्न ही फुंकून वाजवायची वाद्यं, मग तसंच बासून, मग दुसरा ओबो आणि पहिला हॉर्न. बहुतेकांना उठण्यापूर्वी एकट्याने वाजवायची निरोपाची एक छोटी जागा दिली आहे. डबल बास या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याची जागा सगळ्यांत मोठी, आणि कसब तिथंच आहे: जाता जाता तो अख्खं संगीत मूळ षड्जाकडे वळवून देतो. मग चेलो, इतर व्हायोलिनं, व्हायोला. उरतात दोनच व्हायोलिनं, तीही आवाज दबवणारा म्यूट लावलेली. वादकांनी उठताना अभिनय केला तर लोक हसतात आणि ते दोन नाजूक सूर हरवतात. साधेपणाने उठावं, बस्स.

सिम्फनी एफ शार्प मायनर या स्वरपट्टीत आहे. त्या काळी हे विरळाच. हॉर्नला तेव्हा स्वर बदलायच्या झडपा नव्हत्या, म्हणून अर्ध्या स्वराच्या जादा नळ्या मुद्दाम करून घ्याव्या लागल्या.

आता इथली रीत. दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवायची नाही. पहिला भाग कितीही रंगला तरी नाही, ‘वाहवा’ही नाही. खोकला मात्र चालतो, सगळे तेवढ्यासाठीच थांबल्यासारखे खोकतात. भाग चार, हे मनात मोजायचं. या सिम्फनीत चौथा अधांतरी थांबतो तेव्हा तर मुळीच नाही, कारण त्या भागाचं अजून निम्मं बाकी असतं. शेवटीही कंडक्टरचे हात खाली येईपर्यंत थांबायचं. हायडनच्या काळी लोक मध्येच टाळ्या देत, ही शिस्त नंतरची. आपल्या बैठकीत समेवर दाद दिली नाही तर कलाकाराला वाईट वाटेल, इथे दिली तर शेजारी वळून बघतात.

आई, धाकटीच्या लग्नाच्या हॉलचे पैसे या आठवड्यात पाठवते. दागिन्यांसाठी कर्ज काढू नका, उरलेलं मी बघते. माझं स्थळ सध्या राहू दे. साखरपुड्याला येणं जमणार नाही, लग्नाला मात्र येते. रजेचा अर्ज सोमवारी देते, मागच्या वेळेसारखं पुढे ढकलणार नाही.

तुमची,
मोठी