टोळी निघायच्या आधी लेकरांना एक तास मिळू द्या

सप्रेम नमस्कार.

दसरा झाला की आमच्या धारूर तालुक्यातल्या गावागावांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरायला लागतात. भांडीकुंडी, ताडपत्री, बाजरीचं पोतं, एखादी शेळी आणि सगळ्यांच्या वर बसलेली लेकरं. कोयता, म्हणजे ऊसतोड मजूर, पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात जातो आणि पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्याशिवाय, परतत नाही. जी लेकरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मागं राहतात त्यांची शाळा टिकते. जी जातात त्यांचे ते महिने उसाच्या फडात जातात.

याच लेकरांसाठी गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वतीनं आम्ही आपल्यापुढं हात पसरतो आहोत. प्रत्येक विद्यार्थ्यानं निदान एकदा, एक तास, संगणकाला स्वतः आज्ञा देऊन बघावी, एवढीच आमची धडपड आहे.

ही कल्पना आमची नाही. हादी आणि अली पार्तोवी हे जुळे भाऊ तेहरानमध्ये, इराण-इराक युद्धाच्या काळात लहानाचे मोठे झाले. घरात आलेल्या कमोडोर 64 या संगणकावर ते प्रोग्रॅमिंग शिकले. पुढं अमेरिकेत 2013 साली त्यांनी कोड डॉट ऑर्ग ही ना-नफा संस्था काढली आणि त्याच डिसेंबरात ‘अवर ऑफ कोड’, म्हणजे प्रोग्रॅमिंगचा एक तास, सुरू केला. अट एकच, एक तास करून बघा. आवडलं तर पुढं जा, नाही आवडलं तर निदान काय असतं ते कळलं. 2014 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनीही या उपक्रमात बसून कोडची एक ओळ लिहिली होती. त्यासाठी निवडलेला संगणकशास्त्र शिक्षणाचा आठवडा 9 डिसेंबरच्या आसपास येतो, कारण ती ग्रेस हॉपर या संगणकशास्त्रज्ञ बाईंची जन्मतारीख.

अडचण इथंच आहे. डिसेंबरात आमचा निम्मा वर्ग फडात असतो. म्हणून आम्ही हा तास दोनदा घ्यायचं ठरवलंय. पहिला नवरात्रात, टोळ्या निघायच्या आधी. दुसरा 9 डिसेंबरच्या आठवड्यात, वसतिगृहातल्या आणि गावात राहिलेल्या मुलांसाठी.

गेल्या वर्षी दोन जुन्या लॅपटॉपवर हे करून बघितलं. पहिला अर्धा तास तर संगणक उघडलाच नाही. शाळेच्या पटांगणात फक्कीनं चौकोन आखले, एका पोराला यंत्र केलं आणि बाकीच्यांनी त्याला तीनच आज्ञा द्यायच्या: पुढं, डावीकडं वळ, उजवीकडं वळ. आज्ञा चुकली की यंत्र सरळ लिंबाच्या झाडावर. मग आम्ही पेरणीचं उदाहरण घेतलं. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, असेल तर पेर, नाही तर थांब, ही झाली अट. तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, संपलं की तिफण वळव, दुसरं तास धर, शेवटचा धुरा येईपर्यंत हेच करत राहा, हे झालं चक्र. सहावीतल्या एका मुलीनं लगेच विचारलं, की मधेच चाड्यातलं बी संपलं तर यंत्राला कसं कळणार? इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी मला सुचला नव्हता असा हा प्रश्न आहे. मी सी भाषेतला पहिला प्रोग्रॅम अठराव्या वर्षी लिहिला. तोवर संगणक म्हणजे शहरातल्या पोरांचं काम, असं मी मनाशी धरून बसलो होतो. त्या मुलीनं तसं धरून बसू नये.

दुसऱ्या अर्ध्या तासात स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटीनं 2007 साली मुलांसाठी हे काढलं. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे आणि पडद्यावरचं मांजर हलवायचं. एकदा लॅपटॉपवर घेतलं की इंटरनेट लागत नाही, फुकट आहे. प्रोग्रॅममधल्या चुकीला इंग्रजीत ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात, आणि 1947 साली हार्वर्डच्या एका यंत्रात खरोखरच अडकलेला पतंग तिथल्या लोकांनी नोंदवहीत चिकटवून ठेवला होता, हे सांगितल्यावर कपाशीवरची बोंडअळी बघत वाढलेल्या या पोरांना चूक शोधायचं वेगळं शिकवावं लागलं नाही.

आता काही जण म्हणतात, एआयच कोड लिहून देतं, मग हे शिकून काय करायचं? आमचं मत साफ आहे. ज्याला आज्ञा नीट मांडता येत नाही, त्याला एआयकडूनही काम करून घेता येत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावीपासून कोडिंग आहे. धोरण आमच्या वाडी-तांड्यापर्यंत पोचायची वाट बघत बसलो तर आणखी चार-पाच हंगाम निघून जातील.

तर मदत अशी हवी. आणखी 8 लॅपटॉप. जुने चालतील, पडद्याला तडा असला तरी चालेल, फक्त 4 जीबी रॅम असावी आणि आपली खासगी माहिती पुसून द्यावा. संध्याकाळी वीज जाते, म्हणून इन्व्हर्टरची एक बॅटरी. ज्यांना पैसे द्यायचे आहेत त्यांनी वाचनालयाच्या खात्यावरच द्यावेत, पावती घ्यावी. प्रत्येक रुपयाचा हिशेब दाराजवळच्या फळ्यावर लिहिला जाईल.

पण पैशापेक्षा माणसं जास्त हवीत. पुण्याला, हिंजवडीला, हैदराबादला नोकरी करणाऱ्या गावच्या पोरा-पोरींनो, नवरात्रात देवीला येताच, तेव्हा अर्धा दिवस जास्त थांबा. पोरींनी तर नक्की थांबावं. गावातल्या मुलींनी आपल्यातलीच एक ताई हे काम करताना बघितली, की आमच्या दहा भाषणांचं काम होतं.

मुकादम मंडळींना हात जोडून विनंती आहे. उचल, म्हणजे मजुरांची आगाऊ रक्कम, वाटून झाली की टोळी कोणत्या तारखेला निघणार ते आठ दिवस आधी आम्हाला कळवा. त्या हिशेबानं त्या वस्तीवर जाऊन तास घेऊ. आई-वडिलांनी त्या दिवशी लेकरांना सरपणाला, धाकट्याला सांभाळायला ठेवू नये. धाकट्यालाही सोबत पाठवा, त्याच्याकडं आम्ही बघू.

वाचनालय रोज संध्याकाळी 5 ते 8 उघडं असतं. लॅपटॉप घटस्थापनेच्या आधी पोचले तर त्यांच्यावर स्क्रॅच टाकून ठेवता येईल. सोबत चार्जर आठवणीनं द्यावा.