सईसाठी बॉल घेण्याआधी

मिलवॉकी, विस्कॉन्सिन

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

सईला बॉलिंगचा, म्हणजे लेनवर बॉल सोडून पिना पाडायच्या खेळाचा, नाद लागलाय हे ऐकून फार आनंद झाला. इथून बॉल पाठव म्हणालास, पण जरा थांबूया. बॉलला भोकं पाडतात ती खेळणाऱ्याच्या हाताच्या मापानं, त्यामुळे तिचा हात दुकानदाराच्या समोर हवा. उन्हाळ्यात तुम्ही येणार आहातच, तेव्हा नेईन तिला. तोवर पुण्यात तिथलेच बॉल वापरू दे. फक्त अंगठ्याचं भोक सैल नको. बॉल निसटू नये म्हणून पंजा आवळावा लागतो आणि मनगट धरतं. वजनाचीही घाई नको. १६ पौंड, म्हणजे सव्वासात किलो, ही कमाल मर्यादा. तिला सध्या १० पुष्कळ झाले.

कोणता बॉल, हे ठरतं लेनवरच्या तेलावरून. लेन नुसती लखलखीत दिसते, पण तिच्यावर खनिज तेलाचा अगदी पातळ थर असतो. फाउल लाइनपासून (बॉल टाकताना जी ओलांडायची नसते ती रेषा) पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर यंत्रानं तेल मारतात, पुढचं कोरडं. रुंदीत ३९ पट्ट्या. रोजच्या खेळासाठी मधल्या पट्ट्यांवर भरपूर तेल आणि कडेला कमी. तेलावर बॉल घसरतो, कोरड्यावर पकड घेऊन वळतो. लेगस्पिन टाकण्याआधी तू विकेटवर हात फिरवून बघायचास ना, तसंच हे. पण इथे रेषा ओलांडता येत नाही, सगळं बॉलच्या चालीवरून ओळखायचं.

आणि हे तेल जागेवर राहत नाही! आमच्या लीगला संध्याकाळी पहिल्या गेममध्ये बॉलची जी रेघ छान लागते, ती तिसऱ्या गेमपर्यंत कामातून गेलेली असते. रेझिनचे, म्हणजे जास्त पकड घेणाऱ्या आवरणाचे, बॉल तेल पिऊन घेतात. बॉल रॅकवर परत आला की त्यावर तेलाची वर्तुळं दिसतात, एकाशेजारी एक, थोडी थोडी सरकलेली. दोन जागी ती एकमेकांना छेदतात. दरवेळी फडक्यानं ती पुसून घेतेच मी. उजव्या हाताचे सगळे एकाच पट्ट्यांवरून खेळतात, तिथलं तेल उडतं, बॉल लवकर वळून पहिल्या पिनवर समोरून आदळतो आणि दोन टोकांना पिना उभ्या राहतात. अशा वेळी हाताचा जोर बदलायचा नाही. बॉल ज्या बाजूला जास्त गेला, त्याच बाजूला पाय सरकवायचे, पट्टी-दोन पट्टी.

आपली सई डावरी, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिच्या बाजूनं खेळणारे कमी, म्हणून तिथलं तेल जास्त वेळ टिकतं. इतर सरकले म्हणून तिनं सरकायचं नाही, स्वतःचा बॉल बघायचा.

पुढे स्पर्धेत तेलाची लांबी आधी जाहीर करतात. तिच्यातून ३१ वजा केले की बॉल कडेपासून साधारण कितव्या पट्टीवरून वळायला हवा ते कळतं: ४१ फूट असेल तर दहाव्या. अंदाजच तो, पण सुरुवात करायला पुरतो.

पहिला बॉल प्लॅस्टिकचाच घेऊ, हे माझं मत ठाम आहे. तो तेलाला फारसा दाद देत नाही, जवळजवळ सरळ जातो. उरलेली एकटी पिन पाडायला पुढेही कायम लागतो. रिॲक्टिव्ह रेझिनचे बॉल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आले आणि खेळच बदलला, पण ते पुढच्या वर्षी. त्यातही जास्त तेलाला खरखरीत पृष्ठभागाचा, कमी तेलाला चकचकीत. पृष्ठभाग घासून बदलता येतो, म्हणून लगेच दुसरा विकत घ्यायची गरज नसते.

तिचा एक व्हिडिओ पाठव. बाजूनं नको, बरोब्बर मागून काढ, बॉल पिनांना लागेपर्यंत. वळतो कुठे ते मला बघायचंय. वहिनीला आणि आईला नमस्कार.

तुझी,
शुभा