ग्राउंड क्लिअरन्स व्हेरिअंटनिहाय जाहीर व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इलेक्ट्रिक मोटारीच्या जाहिरातीत एका चार्जिंगमध्ये ती किती किलोमीटर धावते, म्हणजे तिची रेंज, हा आकडा ठळक असतो. मात्र मोठ्या बॅटरीची गाडी घेतल्यास ती जमिनीच्या किती जवळ येते, याची चर्चा क्वचितच होते. २०२३ मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीचेच पाहा. ३० किलोवॉट-अवर बॅटरीच्या मीडियम रेंज गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ यांतील अंतर, २०५ मिलिमीटर, तर ४०.५ किलोवॉट-अवरच्या लाँग रेंज गाडीचा १९० मिलिमीटर होता. प्रमाणित रेंज ३२५ वरून ४६५ किलोमीटरवर गेली आणि तळाची जमिनीपासूनची उंची दीड सेंटीमीटरने घटली. कंपनीने हे आकडे लपवले नव्हते. पण ते तांत्रिक तक्त्यात, बहुतेक ग्राहक जिथवर पोहोचतच नाहीत अशा ठिकाणी होते.

टेस्लाने मॉडेल थ्रीची परफॉर्मन्स आवृत्ती मुद्दाम खाली ठेवली, ती वेगात वळताना पकड चांगली राहावी म्हणून. आपल्याकडे प्रश्न वेगळा आहे. बॅटरी पॅक गाडीच्या तळाशी बसतो, आणि तो मोठा झाला की जागाही अधिक व्यापतो व वजनही वाढवतो. त्यात पाच माणसे आणि सामान भरले की स्प्रिंग दबून गाडी, विशेषतः मागच्या बाजूने, आणखी खाली बसते. म्हणूनच दिलेला आकडा रिकाम्या गाडीचा की भरलेल्या, हे न सांगता तो छापणे मला अर्धवट माहिती देण्यासारखे वाटते.

इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा; तसा तो बांधला तर १९० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची गाडीही सहज निघून जाईल. परंतु गावोगावचे आणि गृहसंकुलांतले गतिरोधक कोणत्या मापाने बांधतात, हे वाचकांना सांगायला नको. अशा अरुंद, उभ्या उंचवट्यावर दोन चाकांमधला तळ टेकतो आणि नेमका तिथेच गाडीतला सर्वांत महागडा भाग असतो. बाहेरून आदळून झालेले नुकसान सामान्यतः बॅटरीच्या वॉरंटीत धरले जात नाही, याचीही ग्राहकाला आधी कल्पना असावी.

रेंजचा आकडा प्रत्येक बॅटरी पर्यायासाठी स्वतंत्रपणे प्रमाणित करून जाहीर होतो. तसाच ग्राउंड क्लिअरन्सही प्रत्येक व्हेरिअंटसाठी, रिकाम्या आणि पूर्ण भरलेल्या अशा दोन्ही स्थितींत, माहितीपत्रकात रेंजच्या शेजारी छापणे बंधनकारक करावे. शोरूममधील टेस्ट ड्राइव्हची गाडी बहुधा वरच्या व्हेरिअंटची असते आणि तिच्यात दोन-तीनच माणसे बसलेली असतात. त्यामुळे ग्राहकाने नोंदवलेली गाडी प्रत्यक्षात किती खाली बसेल, याचा अंदाज त्या फेरीतून येत नाही. आपल्या वृत्तपत्रातील वाहन परीक्षणांतही कोणते व्हेरिअंट चालवले आणि त्यात किती भार होता, हे नमूद केले जावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे