विषय: सदनिका 304 च्या कूलरचा स्टँड व आमची झोप (पत्र चौथे)

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
त्रिमूर्तीनगर, नागपूर

महोदय, सप्रेम नमस्कार.

पहिली दोन पत्रे सचिवांच्या हातात दिली, तिसऱ्याची पोच घेतली. उत्तर एकाचेही आले नाही, म्हणून हे चौथे.

कूलर बंद करा, असे माझे म्हणणे नाही. मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो, कूलर आमच्याकडेही आहे. माझी तक्रार 304 च्या लोखंडी स्टँडची आहे. त्याचा एक पाय थेट भिंतीला टेकला आहे. रात्री मोटर सुरू झाली की थरथर भिंतीतून आमच्या बेडरूममध्ये उतरते. उशाशी ठेवलेल्या तांब्यावरचे फुलपात्र वाजायला लागते. त्याखाली मी रुमाल घालतो, पण भिंतीला काय घालू?

सौ. एकाहत्तर वर्षांच्या आहेत. बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. दुधाचा हिशेब त्या कॅलेंडरवर मांडतात, कधी चूक नाही. या महिन्यात एकाच तारखेवर दोन खुणा आणि पुढच्या तीन तारखा कोऱ्या. दूधवाल्याशी वाद झाला, चूक आमची निघाली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो झोपेचा. गोळी द्यायला त्यांनी साफ नकार दिला. या वयात झोपेच्या गोळीने तोल जातो, पडायची भीती असते, डोके आणखी गोंधळते. त्यांनी सांगितलेले सगळे आम्ही पाळतो. चार वाजल्यानंतर चहा बंद, दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत, सकाळी कोवळ्या उन्हात फिरणे, रात्री रोज दहालाच अंथरुणावर. घोरण्यात श्वास अडकतो का, तेही तपासून घेतले. आमच्या हातातले सगळे झाले. भिंत तेवढी आमच्या हातात नाही.

हनुमान जयंतीच्या प्रसादाच्या वेळी सचिव मला म्हणाले, "काका, म्हातारपणी झोप कमीच लागते." चार लोकांसमोर म्हणाले, म्हणून उत्तर लेखी देतो. पासष्टीनंतरही सात-आठ तासांची झोप लागतेच. कमी होते ती गाढ झोप, म्हणून बारीक आवाजानेही ती मोडते. दिवसभरात शिकलेले, ऐकलेले डोक्यात पक्के बसते ते याच गाढ झोपेत. मेंदूत साचणारी घाण, त्यात अल्झायमरशी जोडले जाणारे बीटा अमायलॉइड नावाचे प्रथिनही आले, झोपेत जास्त वेगाने धुतली जाते, असे 2013 साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसले. ब्रिटनमध्ये सुमारे आठ हजार सरकारी नोकरांना वर्षानुवर्षे तपासले. पन्नाशी-साठीत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत पुढे स्मृतिभ्रंश जास्त आढळला; हे 2021 साली छापून आले. कमी झोपेनेच तो होतो, असे यातून सिद्ध होत नाही, हे मलाही कळते. पण जपायचे ते आताच जपायला हवे ना?

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे. गणपतीत स्पीकर पाच मिनिटे जास्त चालला तेव्हा हाच नियम कमिटीने सूचनाफलकावर लावला होता. 304 ला तो लागू नाही का?

गेल्या उन्हाळ्यातही मी हेच सांगितले होते. तेव्हा "पाऊस आला की बंद होईल," असे उत्तर मिळाले. दिवाळीत त्यांच्याकडे रात्री एकपर्यंत खुर्च्या सरकत होत्या, मी बोललो नाही. त्यांची गाडी महिनाभर आमच्या जागेत उभी होती, तेव्हाही बोललो नाही. 201 आणि 204 च्या मंडळींचेही माझ्यासारखेच म्हणणे आहे. संबंध बिघडतील म्हणून ते सही करत नाहीत, एवढेच.

मागणी मोठी नाही. स्टँड भिंतीपासून चार बोटे सरकवावा, पायांखाली जाड रबर घालावे, मोटरचे बेअरिंग बदलावे. मिस्त्रीची मजुरी मी देतो. रविवारपर्यंत हे झाले नाही, तर आपण व सचिवांनी कोणत्याही रात्री साडेअकराला आमच्या बेडरूममध्ये येऊन दहा मिनिटे बसावे. दार मी उघडेन, सौ. तेव्हाही जाग्याच असतील.

आपला,
सदनिका क्र. 203