नोटीस आम्हाला आली आणि मजकूर आम्ही काढला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेल्या आठवड्यात एका वाचकाने अशी मागणी केली होती की, एखाद्या संकेतस्थळावर कोणी खोटेनाटे लिहिले, तर लिहिणाऱ्याला शोधत बसण्यापेक्षा ते संकेतस्थळ चालवणाऱ्यालाच आधी आत टाकावे, म्हणजे सगळे सरळ होतील. त्यांचा संताप मला समजतो. परंतु आम्ही तासगाव तालुक्यातील पाच-सात द्राक्ष बागायतदार मिळून गेली सहा वर्षे एक लहानसे संकेतस्थळ चालवत आहोत आणि या ‘चालवणाऱ्या’च्या जागी बसल्यावर माणूस काय करतो, हे आम्ही स्वतःच करून पाहिले आहे. म्हणून हे पत्र.

आमचे संकेतस्थळ साधेच आहे. फळछाटणीनंतर डाउनी रोगावर कोणते औषध लागू पडले, भुरी रोग कशाने आटोक्यात आला, बेदाण्याच्या सौद्यात काय दर निघाला, हे ज्याचे त्याने लिहायचे आणि इतरांनी वाचायचे. त्यातच एक पान व्यवहारातील अनुभवांचे होते. द्राक्षपट्ट्यातील वाचकांना हा प्रकार नवा नाही: परमुलखातला व्यापारी येतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख मोजतो, विश्वास बसला की चार किलोच्या पेटीमागे इतरांपेक्षा दोन-पाच रुपये जास्त दर बोलतो, उरलेला सगळा माल उचलतो आणि त्यानंतर त्याचा फोन लागत नाही. चेक दिलेला असला तर तो वटत नाही. असा माणूस पुढच्या हंगामात शेजारच्या तालुक्यात जातो, कारण तिथे त्याला कोणी ओळखत नसते. त्याची ओळख आधी पोचावी, एवढाच त्या पानाचा हेतू होता.

दोन वर्षांपूर्वी एका बागायतदाराने त्या पानावर एका व्यापाऱ्याचे नाव, किती पेट्या गेल्या आणि न वटलेल्या चेकची तारीख असे सगळे लिहिले. आठ दिवसांत वकिलाची नोटीस आली, आणि ती लिहिणाऱ्याच्या नावे नव्हती, आमच्या नावे होती. २४ तासांत मजकूर काढावा, अन्यथा दहा लाखांच्या नुकसानभरपाईचा दावा आणि वर बदनामीची फौजदारी. त्या रात्री आम्ही एकाच्या पॅकिंग शेडमध्ये बसलो. लिहिणाऱ्याला बोलावून घेतले. त्याने चेक आणि बँकेचा परतीचा मेमो आमच्यासमोर ठेवला. त्याचे म्हणणे खरे आहे याबद्दल आमच्यापैकी एकालाही शंका उरली नाही आणि तरीही रात्री साडेअकरा वाजता आम्ही तो मजकूर काढून टाकला. सांगलीच्या कोर्टात तारखांना कोण जाणार, वकिलाची फी कोण भरणार, आणि हे सगळे कशासाठी, तर ज्या संकेतस्थळाचे उत्पन्न शून्य आणि वर्षाचा खर्च साडेचार हजार रुपये आहे त्याच्यासाठी? त्याच हंगामात शेजारच्या गावातील दोघांनी त्याच व्यापाऱ्याला माल दिला. पैसे बुडाल्यावर त्यांपैकी एकाने मला विचारले, “तुमच्या साइटवर यातलं काहीच कसं नव्हतं?” मला उत्तर देता आले नाही.

कायदा काय म्हणतो, हे आम्ही त्यानंतर वाचले. खरे तर ते आधी वाचायला हवे होते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ मध्ये आमच्यासारख्यांना ‘मध्यस्थ’ म्हटले आहे. (आमच्याकडे मध्यस्थ म्हणजे माल विकून देणारा दलाल, त्यामुळे हा शब्द ऐकताच एक सहकारी चिडलाच.) या कलमाचा गाभा असा की, जो मजकूर मध्यस्थाने स्वतः लिहिला नाही, निवडला नाही किंवा बदलला नाही, त्याबद्दल त्याला जबाबदार धरू नये, मात्र बेकायदा मजकुराची प्रत्यक्ष माहिती मिळाल्यावर तो काढला नाही, तर हे संरक्षण जाते. आजचे हे रूप कायद्याला सहजासहजी मिळालेले नाही. २००४ साली बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर एका वापरकर्त्याने अश्लील चित्रफीत विकायला ठेवली, तेव्हा ती न बनवलेल्या, न विकलेल्या मुख्य अधिकाऱ्याला अटक झाली होती. त्यानंतर, २००८ च्या दुरुस्तीत हे कलम बदलून संरक्षण रुंदावले गेले.

परंतु ‘प्रत्यक्ष माहिती’ म्हणजे काय? कोणीही पाठवलेली तक्रार? या कायद्याखालील २०११ च्या नियमांचा रोख तसाच होता आणि तक्रार आल्यापासून ३६ तासांत हालचाल करायची होती. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने तेव्हा या नियमांची परीक्षा घेतली: मुद्दाम सदोष तक्रारी लिहून त्या सात मध्यस्थांकडे पाठवल्या. सातपैकी सहांनी मागितले होते त्याहूनही अधिक मजकूर काढून टाकला. त्यात मोठ्या, पगारी वकील बाळगणाऱ्या कंपन्याही होत्या, हे वाचल्यावर आमच्या शेडमधल्या त्या रात्रीची लाज थोडी कमी झाली.

पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्याचा निकाल दिला. पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये एका फेसबुक नोंदीवरून याच कायद्याच्या ज्या कलम ६६अ खाली अटक झाली होती, ते कलम या निकालाने रद्द झाले, एवढे बहुतेकांना आठवते. त्याच निकालातील दुसरा भाग मात्र कमी जणांना ठाऊक आहे. न्यायालयाने सांगितले की, कलम ७९ मधील ‘प्रत्यक्ष माहिती’ म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना. लाखो विनंत्यांपैकी कोणती योग्य आणि कोणती अयोग्य, हा न्यायनिवाडा मध्यस्थाने करत बसणे अपेक्षित नाही. म्हणजे त्या व्यापाऱ्याच्या वकिलाचे पत्र आले, एवढ्यानेच आमचे संरक्षण गेले नव्हते. आम्ही मजकूर ठेवू शकलो असतो.

असे असूनही, हे सगळे त्या रात्री माहीत असते तरी आम्ही काही वेगळे केले असते का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कलम ७९ चे संरक्षण हे दावा दाखल झाल्यावर कोर्टात उभे राहून मांडायचे असते. दावा दाखलच होऊ नये, असे त्यात काही नाही. बदनामीच्या कलमातही, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही, लोकहितासाठी सांगितलेले सत्य हा अपवाद आहे. तोही आरोपी झाल्यावरच कामाला येतो. मजकूर ठेवला तर जोखीम आमची आणि काढला तर नुकसान तिसऱ्याचे, अशी ही मांडणी आहे. मग काढण्याकडे हात जाणार नाही तर काय होईल? पत्रलेखक वाचकांची मागणी मान्य झाली, तर ही जोखीम दहा लाखांवरून तुरुंगापर्यंत जाईल आणि आम्ही वकिलाच्या नोटिशीची वाटही पाहणार नाही.

सातारा जिल्ह्यातील वाचकांना इथे टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर आठवतील. कोल्हापूरच्या दिवाणाविरुद्धची पत्रे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने छापली, ती पत्रे बनावट ठरली आणि १८८२ साली आगरकर व टिळक यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पत्रे त्यांनी लिहिलेली नव्हती. तरीही संपादक म्हणून ती त्यांनी वाचली होती, पारखली होती आणि खरी मानून छापली होती; त्या निवडीची जबाबदारी त्यांच्यावर आली. माझे हे पत्रही आपण वाचाल, कापाल किंवा टोपलीत टाकाल, म्हणूनच ते छापून आल्यावर आपलीही जबाबदारी निर्माण होते. ‘पत्रलेखकाच्या मताशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही ओळ तळाशी छापून ती पूर्णपणे टळत नाही, हे आपण जाणताच. आमच्याकडे मात्र पहाटे चार वाजता फवारणीला निघालेला माणूस मोबाइलवरून चार ओळी लिहितो आणि त्या तत्क्षणी दिसू लागतात. त्या आधी वाचणारे कोणी नसते. आम्हाला संपादक करायचे असेल, तर प्रत्येक ओळ आधी तपासावी लागेल. तसे झाले तर औषधांच्या माहितीखेरीज तिथे काही उरणार नाही, आणि औषध कंपनीला न आवडणारी माहिती असेल तर तीही नाही.

लेखकाऐवजी वाहकाला धरण्याची युक्ती तशी जुनीच आहे. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या देशी वृत्तपत्रांच्या कायद्याने मुद्रक व प्रकाशकाकडून हमी लिहून घेऊन अनामत मागण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला दिला होता आणि त्याच्या कारवाईवर न्यायालयात अपील नव्हते. छापखानेवाला घाबरला की लेखकाला वेगळे गप्प करावे लागत नाही.

गेल्या आठवड्याच्या पत्रातील भीती खोटी आहे, असे माझे म्हणणे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातील लवंगा येथे, मुले पळवणारी टोळी समजून चार साधूंना जमावाने मारहाण केली. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातील पुसेसावळीत आक्षेपार्ह पोस्टवरून दंगल पेटली, एकाचा जीव गेला आणि सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद ठेवावे लागले. मला विचाराल, तर अशा वेळी खोटी पोस्ट मुळात लिहिणाऱ्याचा आणि दगड उचलणाऱ्याचा छडा लावणे हेच काम आहे, मग ते कितीही किचकट असो. मुले पळवल्याच्या अफवा फिरतात त्या बहुतांशी बंद गटांत, जिथला मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. उरला ग्रुप ॲडमिन. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की, समान हेतू दिसत नसेल तर सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. आपल्या गणेश मंडळाच्या ग्रुपचा ॲडमिन कोण आहे, हे पत्रलेखकांनी एकदा पाहावे. कदाचित तेच असतील.

मजकूर काढायला सांगणारा व्यापारी नसून सरकार असेल, तेव्हा प्रश्न आणखी बिकट होतो. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयी खोटे काय हे सरकारी तथ्य-तपासणी विभागाने ठरवावे, अशी माहिती तंत्रज्ञान नियमांतील २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. त्यानंतर केंद्राच्या ‘सहयोग’ पोर्टलवरून कंपन्यांना मजकूर हटवण्याच्या सूचना जाऊ लागल्या. त्याविरुद्धची एक्स (पूर्वीची ट्विटर) कंपनीची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. लगेच पुढच्या महिन्यात केंद्राने नियम बदलून अशी सूचना सहसचिव किंवा पोलीस उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच, कारणे नमूद करून द्यावी, असे ठरवले. ही सुधारणा चांगली आहे आणि तिचे श्रेय द्यायला हवे. तरी ज्याचा मजकूर गेला त्याला आपले म्हणणे मांडायला आधी बोलावलेच पाहिजे, असे तीत नाही.

माझ्या मते अडचणीचे मूळ इथेच आहे. आमच्या प्रकरणात ज्याच्याकडे चेक होता, त्याला व्यापाऱ्याने किंवा त्याच्या वकिलाने काही विचारलेच नाही; विचारले ते आम्हाला, ज्यांच्याकडे गमावण्यासारखे होते पण सिद्ध करण्यासारखे काही नव्हते. कॅनडात स्वामित्वहक्काच्या (कॉपीराइटच्या) तक्रारींसाठी २०१५ पासून एक साधी पद्धत आहे: तक्रार आली की सेवा पुरवणाऱ्याने ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडे पोचवायची आणि त्याची नोंद ठेवायची. पुढचा वाद त्या दोघांनी कोर्टात मिटवावा. व्यवहारातील तक्रारी आणि बदनामीच्या आरोपांसाठी आपल्याकडेही असा नियम करता येईल. मजकुराखाली ‘यावर आक्षेप आला आहे’ एवढी ओळ राहील, लिहिणारा आपल्या नावाने उत्तर देईल, आणि न्यायालयाने सांगितले की मजकूर जाईल. कोणाचे खासगी चित्रण किंवा लहान मुलांचे शोषण असेल, तिथे मात्र वाट पाहण्याचा प्रश्नच नाही. २०२१ च्या नियमांत खासगी चित्रणासाठी २४ तासांची मुदत घातली होती, तीही मला लांब वाटत होती. हटवण्यापूर्वी वापरकर्त्याला कळवण्याचे बंधन त्याच नियमांत काही प्रमाणात आहे, पण ते ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्यांपुरते. आमच्याकडे नोंदणी केलेले बागायतदार साडेसातशे आहेत.

व्यवहाराच्या अनुभवांचे ते पान आम्ही या हंगामापासून बंद केले आहे. आता हीच माहिती गावागावांतल्या व्हॉट्सॲप गटांत फिरते. नावे अर्धवट असतात, पुरावा कोणी जोडत नाही, आणि शेजारच्या तालुक्यातील नव्या बागायतदाराला ती शोधून सापडत नाही.

माझे नाव व पत्ता पत्रासोबत स्वतंत्रपणे आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. तो छापू नये, ही विनंती. नाव छापले गेल्यास तो व्यापारी कोण, हे आमच्या भागात लगेच ओळखले जाईल आणि या खेपेची नोटीस आपल्या पत्त्यावर येईल.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली