केतकी, त्या ४०० च्या कॅप्सूलबद्दल

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

केस गळतात म्हणून ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल सुरू केल्या आहेस, हे काल फोनवर कळलं. वर 'आजीलाही देते थोड्या' म्हणालीस. आजी शेजारीच बसली होती, म्हणून तेव्हा काही बोललो नाही.

आधी आजीचंच सांगतो. तिला एकही द्यायची नाही. ती वॉरफरिनवर आहे आणि ते औषध के जीवनसत्त्वाला अडवूनच रक्ताची गुठळी होऊ देत नाही. ई जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत पोटात गेलं की तेही के च्या कामात खोडा घालतं, शिवाय प्लेटलेटचं, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशींचं, एकमेकींना चिकटणं कमी करतं. म्हणजे रक्तस्रावाची भीती दोन्हीकडून. तिचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) दोन ते तीनमध्ये राहावा म्हणून डॉक्टर कधी अर्धी गोळी वाढवतात, कधी अर्धी कमी करतात. दात घासताना हिरडीतून रक्त आलं तरी आम्ही लगेच तपासणीला पळतो. त्यात हे नवीन काही नको.

आता तुझं. तुझ्या पाकिटावरचे ४०० हे मिलिग्रॅम नाहीत, आययू आहेत, म्हणजे वजनाचं नव्हे तर परिणामाचं माप. लेबलवर 'डी-अल्फा' असेल तर ते नैसर्गिक, ४०० आययू म्हणजे सुमारे २६८ मिलिग्रॅम. 'डीएल-अल्फा' असेल तर कृत्रिम, त्यातलं कामाचं साधारण १८०. अमेरिकी शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला लागतं १५ मिलिग्रॅम! तेल, बदाम, सूर्यफुलाच्या बिया यांतून त्यातलं बरंचसं मिळतं आणि धडधाकट माणसात याची कमतरता क्वचितच सापडते. पूरक गोळ्यांतून घेण्याची कमाल मर्यादा अमेरिकेत १००० मिलिग्रॅम धरतात, युरोपात मात्र सगळं मिळून ३००च. तज्ज्ञांचंच एवढं एकमत नसताना आपण काठावर कशाला जायचं?

'व्हिटॅमिनच तर आहे' हे तुझं वाक्य मला खटकलं. सिलेक्ट नावाच्या मोठ्या चाचणीत ३५ हजारांहून जास्त पुरुष होते. त्यातल्या काहींना रोज ४०० आययू ई दिलं. प्रोस्टेटचा कर्करोग टळेल अशी आशा होती. २०११ मध्ये निकाल आला तो उलटा: नुसतं ई घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्के जास्त. तुला प्रोस्टेट नाही, हे ठाऊक आहे मला! पण मात्रा तुझीच आहे.

ई जीवनसत्त्व टाकाऊ आहे असं म्हणत नाही. आतड्यांत चरबी शोषली जात नाही अशा आजारांत ते द्यावंच लागतं, काही फॅटी लिव्हरच्या रुग्णांनाही डॉक्टर मोठ्या मात्रेत देतात. पण तिथे ते औषध म्हणून, तपासण्या करत दिलेलं असतं. केस गळण्यामागे बहुतेकदा वेगळंच काही निघतं: लोह कमी, थायरॉइड, किंवा दोन-तीन महिन्यांपूर्वीचा मोठा ताप. तू मध्ये जेवण तोडून वजन उतरवलंस, त्याचाही हात असेल. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घे, मग त्वचारोगतज्ज्ञांना दाखव.

त्यांनीही ई च दिलं तर जेवणाबरोबर घे, ते चरबीत विरघळतं, रिकाम्या पोटी नीट शोषलं जात नाही. तुझ्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही ई असतंच, तेही मोजणीत धर. डोकं दुखलं की अ‍ॅस्पिरिन घेतेस, ते यासोबत नको. आणि पुढच्या महिन्यात अक्कलदाढ काढायची आहे ना? डेंटिस्टला या कॅप्सूलबद्दल आधीच सांग, किती दिवस आधी थांबवायच्या ते तेच ठरवतील.

दोन्ही डब्यांच्या मागच्या लेबलचे फोटो आज पाठव. रिपोर्ट येईपर्यंत कॅप्सूल बंद. आईने विचारलंय, चष्म्याचा नंबर तपासलास का?

तुझा,
बाबा