बाबांच्या झोपेबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

आई, बाबा गाढ झोपेत असताना त्यांची बोटं उडतात, पायाचा अंगठा हलतो, मधेच ओठाचा कोपरा थरथरतो, हे तू फोनवर सांगितलंस. शेजारच्या काकू ‘फिट असंल’ म्हणाल्यापासून तुझा डोळ्याला डोळा नाही, हे तुझ्या आवाजावरूनच कळलं. म्हणून सविस्तर लिहिते.

झोप लागता लागता अंग दचकतं, ते बहुतेकांना होतं. तो आजार नव्हे. तू सांगतेस ते झोपभर चालणारं, कधी इथं कधी तिथं होणारं बारीक उडणं. एकेक झटका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान. डॉक्टर त्याला फ्रॅगमेंटरी मायोक्लोनस म्हणतात. थोडंफार धडधाकट माणसालाही असतं आणि बहुधा औषधही लागत नाही. मोठ्या फिटमध्ये झटके तालात येतात, जीभ चावली जाते, अंथरुणात लघवी होते, जागं झाल्यावर माणूस काही वेळ भांबावलेला राहतो. यातलं काही दिसलं, किंवा बाबा स्वप्नात ओरडून हातपाय मारू लागले, तर मला त्याच रात्री फोन कर. अशा हातपाय मारण्याचा पुढे कंपवाताशी संबंध असू शकतो, त्यामुळे ते अंगावर काढायचं नाही.

तरी एकदा नीट दाखवायचंच. बाबा, ‘सोयाबीनची रास होऊ द्या, मग बघू’ असं म्हणू नका. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात आधी दाखवू, मी येते. डॉक्टर विचारतील ते तुम्हाला ठाऊक नसणार, आईला असेल: घोरणं मधेच थांबून श्वास अडकतो का? पाय ठरावीक अंतरानं, अर्ध्या-एक मिनिटानं वर ओढला जातो का? आई, दिवा लावून मोबाईलवर पायापासून तोंडापर्यंत चित्रीकरण करून ठेव. तुझ्या दोन मिनिटांच्या व्हिडिओतून डॉक्टरांना जे कळेल, ते आपल्या दहा वाक्यांतून कळायचं नाही.

गुडघ्याच्या, नसांच्या, बीपीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घ्या. काही वेदनाशामक आणि नसांच्या गोळ्यांनीही असे झटके येतात. पण मनानं एकही बंद करू नका. मूत्रपिंड, यकृत आणि शरीरातल्या लोहाची रक्ततपासणी बहुधा सांगतील. मेडिकलवरून झोपेची गोळी मात्र आणू नका. श्वास अडकत असेल तर ती घातक ठरते.

झोपेची तपासणी करायला सांगितली तर संभाजीनगरला माझ्याकडेच या. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला आणि नडगीला तारा चिकटवतात, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, आणि रात्रभर झोपू देतात. सुई नाही, दुखत नाही. त्या दिवशी दुपारनंतर चहा चालणार नाही. बाबा, तेवढं माझ्यासाठी सोसा.

व्हिडिओ झाला की आधी मला पाठव, आई.

तुमची लेक